मरणासन्नांची शुश्रूषा आणि शुश्रूषा करणाऱ्यांचा आधार : इंग्लंडमधील अनुभव (१९४८ ते २०१४) व त्याचे भारतीय संदर्भ

गोषवारा

मरणासन्न रुग्णाच्या सेवेचा इतिहास बहुधा रुग्णाच्या किंवा वैद्यकाच्या बाजूने लिहिला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात तो सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, विशेषतः परिचारिकांच्या, बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या स्थापनेपासून 'लिव्हरपूल केअर पाथवे' ही कार्यपद्धती मागे घेतली जाईपर्यंतच्या कालखंडात कर्मचाऱ्यांना आधार देण्याची जबाबदारी कोणाची मानली गेली, याचा मागोवा घेऊन त्या अनुभवाचा भारताशी, विशेषतः केरळ व महाराष्ट्राशी असलेला संबंध तपासला आहे.

बीजशब्द : उपशामक शुश्रूषा, हॉस्पिस, परिचारिका, सिसिली सॉन्डर्स, इझाबेल मेन्झीस, लिव्हरपूल केअर पाथवे.

१. प्रास्ताविक

रुग्णालयांच्या इतिहासात साधारणतः तीन गोष्टींची नोंद होते : इमारती, डॉक्टर आणि शोध. देणगीदाराचे नाव कोनशिलेवर असते, शल्यविशारदाचे तैलचित्र सभागृहात असते आणि नव्या औषधाची तारीख पाठ्यपुस्तकात असते. रुग्णाने शेवटचा श्वास घेतला तेव्हा त्याच्या खाटेजवळ जी व्यक्ती होती, तिचा मात्र या इतिहासात क्वचितच उल्लेख आढळतो. ही व्यक्ती बहुतेक वेळा रात्रपाळीची परिचारिका असते. कधी आया, कधी वॉर्डबॉय, कधी वृद्धाश्रमातील सेविका असते.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत मृत्यूचे ठिकाण बदलले. पूर्वी जो मृत्यू घरात, आप्तांच्या सान्निध्यात होत असे, तो रुग्णालयात होऊ लागला. इंग्लंडच्या आरोग्य विभागाने जुलै २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयुष्याच्या अखेरच्या काळातील शुश्रूषेविषयीच्या राष्ट्रीय धोरणात पुढील आकडे दिले आहेत : त्या देशात वर्षाला सुमारे पाच लाख माणसे मृत्यू पावत, त्यांपैकी ५८ टक्के रुग्णालयात, १८ टक्के घरी, १७ टक्के वृद्धांच्या शुश्रूषागृहांत आणि केवळ ४ टक्के हॉस्पिसमध्ये. या स्थलांतराचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. सामान्य माणूस आयुष्यात अगदी जवळचे मृत्यू मोजकेच पाहतो आणि प्रत्येक वेळी त्याला शोक करण्याची सवड, विधी आणि सोबत मिळते. परिचारिका असे मृत्यू नोकरीचा भाग म्हणून वारंवार पाहते. आणि एका खाटेवरची चादर बदलून होते न होते, तोच तिला शेजारच्या रुग्णाला औषध द्यायला जावे लागते.

या कर्मचाऱ्यांना आधार देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. करुणा हा व्यक्तीचा स्वभावगुण मानला, तर उत्तर सोपे होते : ज्याच्यापाशी तो गुण आहे त्याने ही सेवा करावी आणि ज्याच्यापाशी नाही त्याने दुसरे काम शोधावे. इतिहास मात्र वेगळे उत्तर देतो. मरणासन्नांची चांगली सेवा जिथे जिथे दीर्घकाळ टिकली, तिथे तिथे सेवा करणाऱ्यांना सावरणारी काही ना काही रचना होती. आणि ती रचना जिथे नव्हती किंवा केवळ कागदावर उरली, तिथे करुणावान माणसेही कठोर वागू लागली, असे दिसून येते.

इंग्लंडची निवड करण्यास कारणे आहेत. आधुनिक हॉस्पिस चळवळीचे रूप तिथे घडले. सार्वजनिक आरोग्य सेवेमुळे तेथील यशापयशाची जाहीर चौकशी झाली. आणि भारतातील उपशामक शुश्रूषेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांचे प्रशिक्षण इंग्लंडमधील शिक्षकांच्या हातून झाले. त्यामुळे हा केवळ तौलनिक अभ्यास नसून एका परंपरेचा मागोवा आहे.

२. राष्ट्रीय आरोग्य सेवा आणि मृत्यूचा विसर

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आजारपणात पैशाअभावी कोणी उपचारांवाचून राहू नये, ही तिच्यामागची प्रेरणा होती. परंतु तिचे सारे लक्ष रोग बरा करण्यावर केंद्रित होते. पेनिसिलिनने न्यूमोनियावर मात केली होती, क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आले होते. अशा आशावादी काळात जो रुग्ण बरा होणार नाही, तो व्यवस्थेच्या दृष्टीने जणू अपयशाचा पुरावा होता. वॉर्डमधील फेरीत वरिष्ठ डॉक्टर त्याच्या खाटेजवळ कमी वेळ थांबत. त्याच्याजवळ थांबणे परिचारिकेला भाग होते.

मरणासन्नांसाठी वेगळी घरे त्यापूर्वीही होती. लंडनमधील सेंट ल्यूक्स ही संस्था १८९३ पासून आणि हॅक्नी येथील सेंट जोसेफ्स हॉस्पिस १९०५ पासून कार्यरत होते. सेंट जोसेफ्स आयरिश धर्मभगिनी चालवीत. तेथील भगिनींना आधार देणारी रचना धार्मिक होती : सामूहिक प्रार्थना, एकत्र निवास, दिनक्रमाची शिस्त आणि मृत्यूचा अर्थ सांगणारी श्रद्धा. ही रचना आज सर्वत्र लागू करता येणार नाही हे उघड आहे. पण ती रचना होती, केवळ भावना नव्हती, हे विसरता कामा नये. आधुनिक रुग्णालयाने परिचारिकेचा पांढरा पोशाख आणि सेवाव्रताची भाषा या परंपरेकडून घेतली. त्या व्रतामागचे सामूहिक जीवन मात्र मागेच राहिले.

धर्मादाय संस्थांच्या पाहण्यांतून हे उणेपण हळूहळू उजेडात आले. १९५२ मध्ये मेरी क्युरी मेमोरियल फाउंडेशनने घरी असलेल्या कर्करोग्यांच्या हालअपेष्टांचा अहवाल काढला. १९६० मध्ये ग्लिन ह्यूज यांचा मरणोन्मुख रुग्णांच्या सेवेविषयीचा अहवाल गुलबेंकियन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने प्रसिद्ध झाला. ह्यूज हे लष्करी डॉक्टर होते आणि एप्रिल १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्सन छळछावणी मुक्त झाली तेव्हा तेथील वैद्यकीय मदतकार्याचे नेतृत्व त्यांनी केले होते. मरणासन्नांना ठेवून घेणाऱ्या अनेक संस्थांत पैसा आणि मनुष्यबळ या दोहोंची वानवा असल्याचे त्यांच्या अहवालातून पुढे आले.

३. इझाबेल मेन्झीस : कठोरपणाची कारणमीमांसा

याच सुमारास लंडनमधील एका मोठ्या अध्यापन रुग्णालयात एक वेगळा अभ्यास झाला. टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटच्या मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांना त्या रुग्णालयाने परिचारिकांच्या नेमणुका व प्रशिक्षण यांतील अडचणी सोडविण्यासाठी बोलाविले होते. त्यांचा निबंध १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि आज तो संघटनांच्या समाजशास्त्रातील एक अभिजात लेखन मानला जातो.

मेन्झीस यांना असे आढळले की रुग्णालयाची अनेक कार्यपद्धती रुग्णाच्या सोयीसाठी नसून परिचारिकेला रुग्णापासून दूर ठेवण्यासाठी घडली होती. एका परिचारिकेकडे काही रुग्ण सोपविण्याऐवजी तिच्याकडे कामांची यादी सोपविली जाई. ती सर्व रुग्णांचे एकच काम करी आणि कोणाही एकाला ओळखत नसे. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगग्रस्त अवयवाने होई. शिकाऊ परिचारिकांची बदली वारंवार आणि अचानक होई. निर्णय शक्यतो वर ढकलला जाई आणि तीच गोष्ट पुनःपुन्हा तपासली जाई. भावना दाबून ठेवणे हे व्यावसायिक शिस्तीचे लक्षण समजले जाई.

मेन्झीस यांचा निष्कर्ष असा की या साऱ्या पद्धती म्हणजे चिंतेपासून बचाव करण्याच्या सामाजिक यंत्रणा होत्या. वेदना, विद्रूपता आणि मृत्यू यांच्या सततच्या सान्निध्यातून निर्माण होणारी भीती कोणी उघडपणे बोलत नव्हते. म्हणून संस्थेने ती नियमांत गाडून टाकली होती. परंतु बचाव फसवा ठरला. अंतर राखल्याने भीती गेली नाही आणि रुग्णाला बरे वाटल्याचे समाधानही परिचारिकेच्या वाट्याला आले नाही. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण पूर्ण होण्याआधीच बाहेर पडत होत्या. ज्यांना रुग्णांविषयी अधिक आस्था होती, अशा विद्यार्थिनीही त्यांत होत्या.

हा निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. रुग्णालयातील कोरडेपणाचे खापर आपण सहसा व्यक्तीच्या माथी मारतो. 'सिस्टर फार तुसडी आहे' असे म्हणतो. मेन्झीस यांनी दाखविले की तुसडेपणा ही बहुतेक वेळा संस्थेने शिकविलेली सवय असते. त्याच वर्षांत टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बॅलिंट सामान्य डॉक्टरांचे छोटे गट घेऊन बसत आणि एखादा रुग्ण डॉक्टरला का अस्वस्थ करतो, याची चर्चा घडवून आणीत. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९५७ मध्ये आले. डॉक्टरांना असा गट मिळाला. परिचारिकांना तो मिळण्यास मात्र पुढे बराच काळ जावा लागला, हेही नोंदविण्यासारखे आहे.

४. सिसिली सॉन्डर्स आणि सेंट ख्रिस्तोफर्स

सिसिली सॉन्डर्स (१९१८–२००५) यांचे नाव आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या जनक म्हणून सर्वज्ञात आहे. त्यांच्या कार्याची एक बाजू मात्र अधिक लक्ष देण्याजोगी आहे. त्या प्रथम परिचारिका होत्या; पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या; आणि १९५७ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. मरणासन्न रुग्णाभोवतीच्या तीनही भूमिका त्यांनी स्वतः निभावल्या होत्या. डेव्हिड टास्मा या पोलिश ज्यू निर्वासित रुग्णाशी १९४८ मध्ये झालेल्या त्यांच्या संवादांतून हॉस्पिसची कल्पना रुजली. त्या वर्षी फेब्रुवारीत मृत्यू पावताना त्याने या कामासाठी ५०० पौंड ठेवले. सॉन्डर्स यांनी १९५९ मध्ये मरणासन्नांच्या सेवेविषयी एक लेखमाला लिहिली, ती परिचारिकांच्या नियतकालिकात, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे.

सेंट ल्यूक्समध्ये स्वयंसेविका म्हणून काम करताना त्यांनी पाहिले की तेथे मॉर्फिन ठरावीक वेळाने, वेदना परत येण्यापूर्वीच दिले जाते. पुढे १९५८ ते १९६५ या काळात सेंट जोसेफ्समध्ये त्यांनी ही पद्धत पद्धतशीर नोंदी ठेवून रुजविली. वैद्यकीय इतिहासात हिचा उल्लेख रुग्णाच्या वेदनामुक्तीसाठी होतो आणि तो योग्यच आहे. परंतु तिने परिचारिकेची स्थितीही बदलली. 'लागेल तेव्हा' औषध देण्याच्या पद्धतीत रुग्ण कण्हत असतो, औषधाची वेळ झालेली नसते आणि 'अजून थोडे थांबा' हे सांगण्याचे काम परिचारिकेवर येते. ती वेदनेची पहारेकरी बनते. घड्याळाप्रमाणे औषध देण्याच्या पद्धतीने तिची या भूमिकेतून सुटका केली. औषधाची योग्य व्यवस्था हा कर्मचाऱ्यांना मिळणारा पहिला आधार आहे, हे येथे लक्षात येते. हातात उपाय नसताना वेदना पाहत राहण्याइतके थकविणारे दुसरे काही नसते.

जुलै १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनम येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. येथे तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, रुग्णाचे दुःख शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक असे चतुर्विध असते, ही सॉन्डर्स यांची 'समग्र वेदने'ची मांडणी. या मांडणीचा अपरिहार्य परिणाम म्हणजे कोणतीही एक व्यक्ती हे दुःख एकट्याने पेलू शकत नाही. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, धर्मगुरू आणि स्वयंसेवक यांचा गट लागतो. दुसरी, अध्यापन व संशोधन हे सेवेइतकेच संस्थेचे अंग मानले गेले. तिसरी, शोक या विषयाचे अभ्यासक मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स हे आरंभापासून संस्थेशी जोडलेले होते आणि मृतांच्या कुटुंबीयांबरोबरच कर्मचाऱ्यांचा ताण हाही त्यांच्या कामाचा विषय होता. कर्मचाऱ्यालाही शोक होतो, हे संस्थेने अशा प्रकारे मान्य केले. १९६९ मध्ये घरी जाऊन सेवा देण्याचे कामही सुरू झाले.

पुढे हॉस्पिसचा प्रसार झाल्यावर कॅनडातील मेरी व्हॅशन यांनी मरणासन्नांची सेवा करणाऱ्यांच्या ताणाचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. कर्मचाऱ्यांच्या ताणाचा मोठा भाग रुग्णाच्या मृत्यूतून नव्हे, तर कामाच्या परिस्थितीतून येत होता : अपुरे मनुष्यबळ, सहकाऱ्यांशी विसंवाद, भूमिकेतील संदिग्धता आणि निर्णयात सहभाग नसणे. मेन्झीस यांच्या निरीक्षणाशी हा निष्कर्ष जुळणारा आहे. मृत्यूचे दुःख माणूस सोसू शकतो. पण त्या दुःखात त्याला एकटे सोडले गेल्याची जाणीव त्याला मोडते.

५. हॉस्पिसच्या भिंतीबाहेर : लिव्हरपूलचा धडा

हॉस्पिसची मर्यादा आकड्यांतच दिसते. २००८ मध्येही इंग्लंडमधील शंभरांपैकी केवळ चार मृत्यू हॉस्पिसमध्ये होत होते. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न होता. हॉस्पिसमधील उत्तम सेवा सामान्य वॉर्डमध्ये कशी न्यावी, या विचारातून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉयल लिव्हरपूल विद्यापीठ रुग्णालय आणि तेथील मेरी क्युरी हॉस्पिस यांनी 'लिव्हरपूल केअर पाथवे' नावाची कार्यपद्धती तयार केली. रुग्ण अखेरच्या काही दिवसांत अथवा तासांत आहे असा निर्णय झाल्यावर कोणते उपचार थांबवावेत, कोणती औषधे हाताशी ठेवावीत, कुटुंबीयांशी काय बोलावे, याची ती क्रमवार नोंदपत्रिका होती. हेतू निःसंशय चांगला होता.

२००८ च्या राष्ट्रीय धोरणाने या पद्धतीला पाठबळ दिले. त्याच धोरणाने कर्मचाऱ्यांचे तीन गट मानले : केवळ हीच सेवा करणारे, इतर कामांबरोबर वारंवार ही सेवा करणारे आणि क्वचित असा प्रसंग येणारे. तिन्ही गटांना प्रशिक्षणाची गरज आहे आणि त्यांत रुग्णालयातील कर्मचाऱ्यांप्रमाणे शुश्रूषागृहांतील सामाजिक सेवकही येतात, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. विचार योग्य होता. प्रत्यक्षात मात्र नोंदपत्रिका वेगाने पसरली आणि प्रशिक्षण मागे पडले.

२०१२ पर्यंत या पद्धतीविरुद्ध तक्रारी वृत्तपत्रांतून गाजू लागल्या. न सांगता आमच्या माणसाचे उपचार थांबविले, पाणीसुद्धा दिले नाही, असे नातेवाईक म्हणू लागले. शासनाने बॅरनेस ज्युलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल जुलै २०१३ मध्ये आला. त्यात ४४ शिफारशी होत्या. अहवालाचा सूर समतोल होता. जिथे पद्धत योग्य रीतीने वापरली गेली, तिथे रुग्णांना शांत व सन्माननीय मृत्यू लाभला, हे समितीने मान्य केले. परंतु अनेक ठिकाणी ती केवळ चौकटींत खुणा करण्याचा सोपस्कार झाली होती. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी वरिष्ठ डॉक्टर नसताना निर्णय घेतले जात होते. काही ठिकाणी ही पद्धत वापरल्याबद्दल रुग्णालयाला आर्थिक प्रोत्साहन मिळत होते आणि त्यामुळे संशय बळावला होता. सहा ते बारा महिन्यांत पद्धत बंद करून प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र शुश्रूषा-योजना करावी, अशी शिफारस झाली. त्यानुसार २०१४ मध्ये ती मागे घेण्यात आली आणि जून २०१४ मध्ये पाच अग्रक्रमांवर आधारित नवे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अनुभव नसलेल्या कर्मचाऱ्याला लिखित पद्धतीचा आधार वाटतो. ती काढून घेतली तर तो अधिकच निराधार होणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. दोष नोंदपत्रिकेत नव्हता. ती कशाच्या जागी आली, यात होता. हॉस्पिसमधील अनुभवी परिचारिकेसाठी ती पत्रिका स्मरणाचे साधन होती, कारण तिच्यामागे शिकलेला गट, विचारता येईल असा वरिष्ठ आणि बोलण्याची सवय होती. सामान्य वॉर्डमध्ये यांपैकी फक्त पत्रिका पोहोचली. म्हणजे मेन्झीस यांनी वर्णिलेली कामांची यादीच पुन्हा अवतरली. कठीण संभाषण टाळण्याचे साधन म्हणून कागद वापरला गेला आणि ज्या कुटुंबाशी बोलायला हवे होते, त्याच्याशी कोणी बोलले नाही.

याच काळात उलट दिशेने जाणारा एक प्रयोगही इंग्लंडमध्ये आला. केनेथ श्वार्ट्झ या बोस्टनमधील वकिलाला फुप्फुसाचा कर्करोग झाला. परिचारिका व डॉक्टरांच्या छोट्या छोट्या माणुसकीच्या कृतींनी आपले असह्य आजारपण सुसह्य झाले, असे त्यांना वाटले. १९९५ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी एक केंद्र स्थापन केले. त्या केंद्राच्या प्रेरणेने रुग्णालयांत ठरावीक काळाने अशा सभा भरू लागल्या, ज्यांत डॉक्टरपासून सफाई कर्मचाऱ्यापर्यंत सर्वजण एकत्र बसून एखाद्या रुग्णाच्या सेवेत आपल्याला काय वाटले, एवढेच बोलतात. उपचार बरोबर की चूक, याची चर्चा तेथे होत नाही. २००९ पासून या सभा इंग्लंडमध्ये सुरू झाल्या. बॅलिंट यांनी डॉक्टरांना जे देऊ केले होते, ते अर्ध्या शतकानंतर सर्वांना मिळू लागले.

६. भारतीय संदर्भ

भारतात पहिले हॉस्पिस मुंबईत उभे राहिले. डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये वांद्रे येथे शांती आवेदना ही संस्था सुरू झाली. पुढे गोवा व दिल्ली येथे तिच्या शाखा झाल्या. पुण्यात १९९७ मध्ये वारजे येथे सिप्ला प्रतिष्ठानाचे उपशामक शुश्रूषा केंद्र सुरू झाले. टाटा स्मारक रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग झाला. संस्था निघाल्या, पण सामान्य रुग्णालयातील कर्मचाऱ्याच्या हातात मॉर्फिन नव्हते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कठोर परवाना-पद्धतीमुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होईपर्यंतच्या जवळजवळ तीन दशकांत डॉक्टर-परिचारिकांच्या एका संपूर्ण पिढीने मॉर्फिन न वापरताच नोकरी केली. सॉन्डर्स यांनी १९५८ मध्ये परिचारिकेला पहारेकऱ्याच्या भूमिकेतून सोडविले होते. आपल्या कायद्याने तिला त्याच भूमिकेत परत उभे केले.

केरळमधील प्रयोग या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो. १९९३ मध्ये कोझिकोडे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व उपशामक शुश्रूषा संस्था स्थापन केली. ब्रिटिश परिचारिका गिली बर्न यांनी भारतात घेतलेले अभ्यासवर्ग आणि ऑक्सफर्डचे डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांचे मार्गदर्शन यांचा त्यांना उपयोग झाला. ट्वायक्रॉस यांनी सत्तरच्या दशकात सेंट ख्रिस्तोफर्समध्ये संशोधन केले होते. म्हणजे सिडनम ते कोझिकोडे हा धागा थेट आहे. परंतु केरळने इंग्लंडची नक्कल केली नाही. खाटांची संस्था उभारण्याऐवजी शेजारपाजारच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. घरभेटीस जाणारी परिचारिका एकटी नसते; गावातील स्वयंसेवक तिच्याबरोबर असतो, अन्नधान्य वा मुलांच्या शाळेचा प्रश्न तो पाहतो आणि डॉक्टर तिच्या पाठीशी असतो. २००८ मध्ये केरळ शासनाने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात भूमिका दिली. सेंट जोसेफ्समध्ये धर्मसंघाने आणि सेंट ख्रिस्तोफर्समध्ये व्यावसायिक गटाने जे केले, ते येथे समाजाने केले. आधाराचा स्रोत बदलला. आधाराची गरज बदलली नाही.

महाराष्ट्राच्या अनुभवात एक घटना या संदर्भात टाळून पुढे जाता येत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा गौरव केला आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीपेक्षा रुग्णालयाच्या कर्मचारिवर्गाचा आहे, असे मानले. रोजची सेवा करणाऱ्याच्या शब्दाला निर्णयात वजन असते, ही मान्यता महत्त्वाची होती. समाजाने मात्र या घटनेतून प्रामुख्याने 'त्याग' एवढाच अर्थ घेतला. त्यागाची स्तुती ही मोठी सोयीची गोष्ट आहे. ती केली की स्तुती करणाऱ्याचे दायित्व संपते. अशा दीर्घ शुश्रूषेसाठी किती माणसे लागतात, त्यांना विश्रांती कशी मिळते, त्यांनी कोणाशी बोलावे, हे प्रश्न स्तुतीच्या गजरात ऐकू येत नाहीत.

कायद्याची संदिग्धता हाही कर्मचाऱ्यांवरचा भारच असतो. ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क व आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. परंतु प्रक्रिया इतकी किचकट होती की ती व्यवहारात उतरणे कठीण झाले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. यापूर्वी निरर्थक उपचार थांबविण्याचा निर्णय डॉक्टर स्वतःच्या जोखमीवर घेत आणि परिचारिका तो निमूटपणे अमलात आणीत. आता निदान मार्ग आखलेला आहे. तथापि, लिव्हरपूलचा अनुभव सांगतो की आखलेला मार्ग पुरेसा नसतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आणि त्यानंतरच्या आरोग्य व कल्याण केंद्रांच्या योजनेने उपशामक शुश्रूषा प्राथमिक सेवेत आणली आहे. ही सेवा शेवटी उपकेंद्रातील कर्मचारी व आशा कार्यकर्ती यांच्या हातून होणार. त्यांच्या हाती केवळ नोंदवही पडणार की नोंदवहीमागे प्रशिक्षण, औषध आणि सल्ला देणारे माणूसही असणार, यावर या योजनेचे यश अवलंबून राहील.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मरणासन्नांच्या सेवेतील कठोरपणा हा बहुधा व्यक्तिदोष नसून असह्य भीतीपासून बचाव करण्याची संस्थात्मक सवय असते. दोन, कर्मचाऱ्यांना आधार म्हणजे केवळ समुपदेशन नव्हे. पुरेसे औषध, पुरेसे मनुष्यबळ, निर्णयातील वाटा, स्पष्ट कायदा आणि बोलण्याची जागा हे त्याचे घटक होत. तीन, हा आधार धर्मसंघ, व्यावसायिक गट किंवा गावसमाज यांपैकी कोणीही देऊ शकतो. पण कोणीतरी द्यावाच लागतो. चार, आधाराच्या जागी कागद आला किंवा त्यागाची स्तुती आली, की सेवा ढासळते.

अखेरीस, इतिहासाच्या अभ्यासकांसाठी व शिक्षकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. मेन्झीस यांचा अभ्यास शक्य झाला, कारण त्यांनी शिकाऊ परिचारिकांना बोलते केले आणि त्यांचे म्हणणे गंभीरपणे लिहून ठेवले. आपल्या जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतून निवृत्त झालेल्या परिचारिका, आया व वॉर्डबॉय यांच्या आठवणी मात्र फारच थोड्या नोंदल्या गेल्या आहेत. मॉर्फिन नसलेल्या दशकांत त्यांनी वेदनेला कसे तोंड दिले, मृत्यूनंतर नातेवाइकांना निरोप कोणी सांगितला, घरी गेल्यावर त्या कोणाशी बोलल्या, हे त्यांच्यावाचून कोणी सांगू शकणार नाही. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या प्रकल्पांतून या आठवणी विद्यार्थ्यांकरवी नोंदवून घ्याव्यात. हे काम फार खर्चाचे नाही. पण ते लवकर करावे लागेल, कारण त्या दशकांत नोकरी केलेली ही माणसे आता स्वतःच वार्धक्यात आहेत, आणि उद्या त्यांच्या खाटेजवळ कोणीतरी बसावे लागणार आहे.